आदामाचा उद्धार

मनुष्यजातीच्या सर्व दुःखांचें खापर ज्याच्या माथीं फोडलें गेलें, त्या आदिपुरुष आदामाला स्वतःला क्षमा आहे कीं नाहीं? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ख्रिस्ती पंडितांत या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला. रोम येथें जस्टिनच्या हाताखालीं शिकलेला ताशियन पुढें कडक वैराग्याकडे वळला. आदामाचा उद्धार होणें नाहीं, असें त्यानें प्रतिपादिलें. आदामामुळें मरण सर्वांच्या वांट्यास आलें, या पौलाच्या उपदेशाचा त्यानें आधार घेतला.

गॉल देशांतील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, लिओं नगरीचा बिशप इरेनियस यानें इ. स. १८० च्या सुमारास आपल्या पाखंडखंडनाच्या ग्रंथांत त्यास उत्तर दिलें. शत्रूनें आईबापांस कैद केलें व बंदिवासांत त्यांस मुलें झालीं. पुढें कोणी पराक्रमी पुरुषानें शत्रूचा पाडाव करून मुलांस सोडविलें, परंतु आईबापांस तेथेंच ठेविलें, तर त्यास न्यायी कोण म्हणेल? आदाम सुटला नाहीं तर सर्प जिंकला व ईश्वर हरला, असा त्याचा कोटिक्रम आहे. उत्पत्तीच्या कथेकडेहि तो ममतेनें पाहतो. शाप सर्पास व भूमीस मिळाला, खुद्द आदामास नव्हे. अंजिराचीं बोंचरीं पानें अंगास गुंडाळणें यांत त्यास पश्चात्ताप दिसतो. जीवनवृक्षापासून दूर घालविणें हीहि त्याच्या मतें दयाच. पाप अमर होऊं नये म्हणून त्यास मरणाची मर्यादा पडली.

हा प्रश्न त्याला केवळ पुस्तकी नव्हता. इ. स. १७७ मध्यें लिओंच्या ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला व वृद्ध बिशप पोथिनस कारागृहांत मरण पावला. कित्येकांनीं भीतीनें धर्म नाकारिला. परंतु बंदींतील धैर्यवंतांनीं त्यांचा धिक्कार न करितां त्यांस जवळ केलें, आणि त्यांतील अनेक पुन्हा निर्भयपणें उभे राहिले. अशा मंडळीच्या धुरीणानें पहिल्या पतिताचा पक्ष घ्यावा यांत नवल नाहीं.

ताशियनची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. नीतीची तळमळ असणाऱ्यास क्षमेला सीमा असावी असें वाटणें साहजिक आहे. परंतु ती सीमा आंखतांना आपण स्वतःला नेहमीं तिच्या आंत ठेवितों. पूर्वजास दाराबाहेर ठेवून वंशजांनीं घरांत शिरणें, म्हणजे मालमत्तेचा वारसा घेऊन कर्जाचा नाकबूल करणें होय.

पूर्वेकडील ख्रिस्ती चित्रकलेनेंहि पुढें हाच पक्ष घेतला. कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, खोरा चर्चमध्यें चौदाव्या शतकाच्या आरंभींचें एक भित्तिचित्र आहे. त्यांत ख्रिस्त एका हातानें आदामाचें व दुसऱ्या हातानें हव्वेचें मनगट धरून त्यांस थडग्यांतून ओढून काढीत आहे. राजे व संत बाजूस उभे आहेत. जेथें अपराधाचा आरंभ झाला तेथपर्यंत जी क्षमा पोंचत नाहीं, ती क्षमा नसून पक्षपात होय, असें आम्हांस वाटतें.