दिवसाची लाइट

पौषातल्या पहाटे बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारच्या शिवारातून मफलर गुंडाळलेली, हातात बॅटरी आणि काठी घेतलेली माणसं गावाकडे येताना दिसली, तर ती फिरायला गेलेली नसतात. रात्रभर गव्हाला, कांद्याला दारं धरून परतत असतात. शेतीची लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी इथली पाळी. सापाकिरड्याची भीती जुनीच होती. २०२० च्या नोव्हेंबरात शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हापासून कुणी रात्री शेतात गेलं की घरच्यांचाही डोळा लागत नाही. म्हणून सौर पंपाचा विषय निघाला की इथला माणूस पहिलं विचारतो, ‘दिवसा चालंल ना?’ पृथ्वीचं तापमान वगैरे नंतर.

सौर विजेवरून ब्रिटनची आठवण येते ती तिथले ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांच्यामुळे. जुलै २०२४ मध्ये खातं हाती आलं आणि आठवड्याभरात त्यांनी तीन मोठे सौर प्रकल्प मंजूर केले. इंग्लंडात जमिनीवर पवनचक्क्या उभारण्यातली जुनी अडवणूकही त्याच दिवसांत उठली. २०३० पर्यंत जवळपास सगळी वीज स्वच्छ करायची, हा त्यांचा संकल्प. त्यावरून जे रण माजलंय ते अजून शमलेलं नाही. पिकाच्या जमिनीवर काचा कशाला अंथरता, असं गावोगावचे शेतकरी विचारतात. विरोधी पक्षनेत्या केमी बेडनॉक म्हणतात, २०५० चं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट गाठायचं तर देशाचं दिवाळं निघेल. आणि निवडणुकीत वर्षाचं बिल ३०० पौंडांनी उतरेल म्हणाला होतात, त्याचं काय झालं, हा प्रश्न तर मंत्र्यांचा पिच्छाच सोडत नाही. त्यात खरं कोण, हे तिथले लोक ठरवतील. मला हेवा वाटतो तो भांडणाच्या विषयाचा: बिल, जमीन आणि दिलेला शब्द.

आमच्या बीडमध्ये तर मंत्र्याची खुर्चीच गेली, आणि तिच्याही मागे स्वच्छ वीजच होती. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी तपास यंत्रणेने तो जोडला. निकटचा सहकारी आरोपी निघाल्यावर धनंजय मुंडे यांना ४ मार्च २०२५ ला राज्यातलं मंत्रिपद सोडावं लागलं. विधिमंडळात त्यावर खूप बोललं गेलं, बोलायलाच हवं होतं. पण बालाघाटाच्या माथ्यावर चक्क्या उभ्या राहताना तारा कुणाच्या वावरावरून गेल्या, मावेजा कुणाला किती मिळाला, रस्त्यासाठी कुणाचा बांध मोडला, हे शेतकऱ्यांचे प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिले. पवनचक्की म्हटलं की आता जिल्ह्याला खंडणी आठवते.

धोरण मुळात वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच. अडीच एकरापर्यंत ३ एचपीचा पंप. ऊन चढलं की मोटर पाणी फेकायला लागते. त्याआधी घरातलं कुणीतरी ओल्या फडक्याने पॅनेलवरची धूळ पुसून घेतं. आभाळ भरून आलं की धार करंगळीएवढी होते. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की ३ एचपीला ते उचलत नाही. वावधानात सांगाडा कलंडला तर दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत पीक वाट बघत नाही. या तक्रारी पारावर रोज होतात, पण उत्तर देणारा पारावर नसतो.

त्याहून अवघड प्रश्न जमिनीचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पासाठी दिलेल्या खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडं, वर दरसाल तीन टक्के वाढ. कोरडवाहू रानाला एवढं कोण देतं? योजनेत गायरानंही घेतात, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख मिळतात. गायरान कागदावर सरकारी. तिथे शेरडं चरतात, आणि मराठवाड्यात कितीतरी भूमिहीन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर बाजरी पेरत आली आहेत. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून त्यांना भाडंही नाही आणि मावेजाही नाही. त्यांच्या हातात उरते ती ग्रामसभा.

आणि तिथेच खरी मेख आहे. दसरा झाला की कोयते बांधून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघतात. ज्यांना जमीन नाही किंवा नावापुरती आहे, तेच आधी निघतात. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात. गायरानाचा ठराव त्या सभेत आला तर हात वर करायला आणि नाही म्हणायलाही गावात राहिलेलेच. हीच माणसं १ मेच्या ग्रामसभेला परतलेली असतात. ठराव तोवर थांबवायला काय हरकत आहे? ऊन शिरूरला मे महिन्यातही काही कमी पडत नाही.