अस्सल प्रत कोणती?

ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांच्या शेजारी राहूनही ज्याने आपले दप्तर परक्याच्या हवाली न करता घरच्याच दोन लिनक्स संगणकांवर सिंकथिंग या फायली जुळवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने एकरूप राखण्याचे ठरविले, त्याला एक तात्त्विक प्रश्न हटकून गाठतो: संपर्क तुटलेला असताना एकाच लेखात दोन्हीकडे निरनिराळ्या दुरुस्त्या झाल्या, तर अस्सल प्रत कोणती मानावी? सिंकथिंग नंतरची प्रत मूळ नावाने कायम करते. आधीचीही नष्ट न करता तिच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' हे शब्द व दिनांक घालून ती शेजारी ठेवते. ओळीला ओळ ताडून पाहण्याचे पुढचे काम जिकिरीचे खरे. पण यंत्राचा हा संयम मला मोलाचा वाटतो, कारण उत्तरकालीन तेच सत्य हे ठरविण्याचा अधिकार घड्याळाला नाही. तो माणसाच्या विवेकाचा: शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी ती शुद्ध केली, ते कार्य विवेकाचे आणि श्रद्धेचे होते. सिंकथिंगचा एक धोका मात्र ध्यानी घ्यावा: एकीकडे पुसलेले दुसरीकडेही निमूटपणे पुसले जाते. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय सिंकथिंगमध्ये आहे, परंतु ती आरंभी बंद असते. वाचकांनी ती आजच चालू करावी.