बापाच्या नावची रजा

कोल्हापूरजवळच्या कळंब्यातल्या एकाच गल्लीत चार घड्याळं चालतात. सीपीआर रुग्णालयात पाळीला जाणारी परिचारिका सातच्या आत घर सोडते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई साडेनऊच्या पुढेमागे निघतात. गोकुळ शिरगावच्या कारखान्यातल्या कामगाराची पाळी आठवड्याला बदलते. आणि 2020 च्या साथीत पुण्याहून परत आलेलं, अजून घरूनच काम करणारं जोडपं रात्री दहालाही कानाला हेडफोन लावून बसलेलं असतं. मूल मात्र सगळ्यांचं सारखंच लहान. अंगणवाडी दुपारी सुटते. तिथून संध्याकाळपर्यंत त्याला कुणी बघायचं, याचं उत्तर बहुतेक घरांत आज्जी हेच आहे. आज्जी गावाकडं असली, आजारी असली किंवा तिला स्वतःचं आयुष्य असलं, की सून नोकरी सोडते. मुलासाठी नोकरी सोडलेल्या बायका आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्याच कारणानं नोकरी सोडलेला बाप मी अजून पाहिलेला नाही.

कामाच्या वेळा लवचीक केल्या की हा प्रश्न सुटेल, असं आता सगळीकडं ऐकू येतं. मलाही ती मागणी पटते. पण ही वाट आपण आज पहिल्यांदा चालत नाही. मागच्या शंभर वर्षांत बाईला तिच्या कामाच्या वेळेत जे जे दिलं गेलं, त्याचं पुढं काय झालं हे पाहिल्याशिवाय ही मागणी नीट मांडता येणार नाही.

शेतावर मूल आणि काम एकाच जागी होतं. बांधावरच्या झाडाला झोळी बांधायची आणि भांगलायला बसायचं. त्यात सुख होतं असं म्हणायला मी तयार नाही. पहाटेच्या शेणापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत त्या बाईचा दिवस संपतच नसे. गिरणीच्या भोंग्यानं मात्र काम एका जागी नेलं आणि मूल दुसऱ्या जागी ठेवलं. मुंबईत कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन झोपवत, याची नोंद 1920 च्या दशकात झाली आहे. त्या आयांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यांच्यासाठी दुसरी कुठलीही सोय कुणी ठेवलेली नव्हती.

त्याच दशकात प्रसूतीच्या पगारी रजेचा विचार इथं आला. ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात तसंच विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, हे त्यांचं म्हणणं आपण अधूनमधून आठवतो. त्याच भाषणातला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकांचं कल्याण हे सरकारचं काम असल्यामुळं या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा, असं त्यांनी मान्य केलं होतं. मात्र बायकांच्या श्रमावर फायदा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही, असंही बजावलं होतं. 1929 मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. खर्च मात्र मालकाच्या एकट्याच्या खात्यावर पडला.

त्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत पाच कामगारांत एक बाई होती. पन्नास वर्षांनी शंभरात दोन-तीन उरल्या. याला नुसता रजेचा कायदा कारण नव्हता. बायकांना रात्रपाळी बंद होती आणि गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या होत्या. ज्या खात्यांत बायका होत्या, तिथली कामं यंत्रांनी घेतली. पण रजेचा खर्च हेही एक कारण होतं. बाईला घेतलं की तिची वेळ सांभाळायची, तिची रजा भरायची; पुरुषाला घेतलं तर यातलं काहीच नाही. हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. फक्त पोर हे बाईचं एकटीचं काम आहे, हे गृहीतक कायद्यानं तसंच ठेवलं आणि त्यावर किंमत चिकटवली.

हेच गृहीतक पुढच्या कायद्यांतही आलं. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची अट स्त्री कामगारांच्या संख्येवर होती, आधी पन्नासहून जास्त आणि मग तीसहून जास्त. म्हणजे तीसच्या आत बायका ठेवल्या की पाळणाघर टळायचं. त्याच वर्षी आलेल्या राज्य कामगार विमा कायद्यानं रजेचा पैसा सगळ्यांच्या वर्गणीतून द्यायची व्यवस्था केली. आंबेडकरांच्या मुद्द्याच्या जवळ जाणारी ती एक गोष्ट, पण तिचं कवच थोड्यांनाच मिळालं. 1961 च्या प्रसूती रजेच्या कायद्यानं 12 आठवडे दिले, 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी 26 केले. विम्याबाहेरच्या नोकरीत ते सगळे मालकानंच भरायचे. या दुरुस्तीत एक मोठी चांगली गोष्ट झाली: पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं, मग ते पुरुष असोत वा बायका. पण त्या पाळणाघरात दिवसातून चार वेळा जायची मुभा आईलाच. रजेनंतर घरून काम करायची तरतूदही आईसाठीच. बापानं खाली जाऊन मुलाला दूध पाजून यावं, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातच आलेलं दिसत नाही.

दरम्यान लवचीक वेळेचं एक देशी रूप आपल्याकडं केव्हाच रुजलं होतं. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी लिज्जत पापड सुरू केला. केंद्रातून पीठ न्यायचं, घरी आपल्या सोयीनं लाटायचं, पापड परत द्यायचे. तिथं लाटणारी बाई सभासद होती, नफ्यात तिचा वाटा होता, म्हणून ती गोष्ट टिकली. निपाणीत घरी विड्या वळणाऱ्या बायकांचं तसं नव्हतं. त्यांना हजार विड्यांमागे मजुरी, वेळ त्यांच्या हाती, आणि त्या वेळेला मोल नाही. 1966 चा विडी कामगार कायदा घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानत होता, तरी आपण कामगार आहोत हे सिद्ध करायला त्यांना भांडावं लागलं. वेळ लवचीक झाली आणि हक्क पातळ झाले, तर त्याला प्रगती म्हणता येत नाही.

कार्यालयीन लवचीक वेळेची सुरुवात जर्मनीतली. क्रिस्टेल केमरर या अर्थतज्ज्ञ बाईंनी ती कल्पना मांडली, त्यात मुलंबाळं असलेल्या बायकांना नोकरीत येता यावं हा विचार होता. 1967 मध्ये म्युनिकजवळच्या विमान कंपनीनं ती राबवली, तेव्हा निमित्त रस्त्यावरच्या गर्दीचं होतं. कल्पना जगभर गेली. बायकांचा पगार मात्र मागंच राहिला. का, याचं उत्तर 2023 चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या अभ्यासात आहे. शिक्षण आणि सुरुवातीचा पगार जवळपास सारखा असतो, फरक मुख्यतः पहिल्या मुलानंतर वाढतो. कारण बऱ्याच नोकऱ्या अवेळी हजर राहणाऱ्याला जास्त पैसे मोजतात. घरात एकानं ती नोकरी धरली की दुसऱ्याला लवचीक, कमी पगाराची धरावी लागते. ती दुसरी व्यक्ती बहुधा बायकोच असते.

आपल्याकडं याचा पाया आकड्यांत दिसतो. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटं बिनपगारी देत होत्या, घरकाम करणारे पुरुष 97. 2024 मध्ये बायकांची मिनिटं 289 झाली आणि पुरुषांची 88. म्हणजे बायकांच्या कमी झालेल्या दहा मिनिटांतलं एकही पुरुषांनी उचललं नाही. उलट त्यांनी आपलीही नऊ कमी केली. अशा घरात बाईला दिलेला मोकळा वेळ कुठं जातो हे सांगायला नको. घरून काम करणाऱ्या त्या जोडप्यातली सून दुपारी मीटिंग चालू ठेवून भात लावते, आणि नवऱ्याची मीटिंग असली की दार लावलं जातं.

म्हणून मला राज्य सरकारच्या 2018 च्या बालसंगोपन रजेबद्दल बोलायचं आहे. सगळ्या सेवेत मिळून 180 दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. महिला कर्मचाऱ्यांसाठी ती फार मोलाची आहे. पुरुषाला ती मिळते, पण त्याची बायको वारलेली किंवा असाध्य आजारानं खिळलेली असेल तर. धडधाकट आईच्या मुलाला बाप असू शकतो, हे सरकारला मान्य व्हायला हवं. केंद्राच्या कर्मचाऱ्याला पितृत्वाची रजा 15 दिवसांची, आणि खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं काहीच नाही.

नॉर्वेनं 1993 मध्ये चार आठवडे बापाच्या नावावर ठेवले; त्यानं घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला मिळत नाहीत. त्याआधी रजा घेणारे बाप मोजके होते, काही वर्षांतच बहुसंख्य घेऊ लागले. स्वीडननं दोन वर्षांनी तोच मार्ग धरला. बापांचा स्वभाव बदलायची वाट त्यांनी पाहिली नाही. पैसाही एकट्या मालकाच्या खिशातून जात नाही, समाजाच्या निधीतून जातो. 1928 मध्ये मुंबईत सांगितलेली गोष्ट तिथं अमलात आली.

आपल्याकडं वारं उलट दिशेनं आहे. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत न्यायला मान्यता दिली. बारा तास कामावर असलेला बाप घरी येईपर्यंत मूल झोपलेलं असतं, आणि बारा तासांची नोकरी लहान मुलाच्या आईला धरता येत नाही. वेळ लवचीक करायची, तर तिला आधी वरून एक हद्द हवी.

आणि अंगणवाडी सुटल्यापासून संध्याकाळपर्यंतच्या त्या तासांची सोय हवी. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या अनेक लहान कारखान्यांत पन्नास माणसं नाहीत, म्हणून त्यांच्यावर पाळणाघराची सक्ती नाही. पण अनेकांनी मिळून एक चालवायला कायदा मोकळीक देतो. तिथल्या उद्योजकांच्या संघटनांनी ते मनावर घ्यावं. कळंब्याच्या अंगणवाडीला सहापर्यंत पाळणाघर जोडावं, तिथल्या सेविकेला त्या तासांचा पूर्ण पगार द्यावा. आणि मुलाला ताप आला की फोन कुणाला करायचा, त्या नोंदवहीच्या रकान्यात आईच्या आधी बापाचा नंबर लिहावा.