शब्दभावना आणि तान्ह्या बाळाची वाणी

मूल शब्दार्थ कसे शिकते, या प्रश्नाला मीमांसकांनी दिलेले उत्तर ‘वृद्धव्यवहार’ या नावाने प्रसिद्ध आहे: एक वडीलधारा दुसऱ्याला ‘गाय आण’ असे सांगतो, दुसरा ती आणतो, पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये कानी पडतात, आणि कोणता शब्द आला वा गळला म्हणजे काय बदलते हे पाहून, अर्थात आवाप आणि उद्वाप यांच्या आधारे, जवळचे मूल एकेका पदाचा अर्थ निवडून काढते. या सबंध प्रसंगात मुलाशी कोणी बोलत नाही आणि मूलही अवाक्षर काढत नाही (तेथे आई नाही, हेही विलक्षणच). बोलणे म्हणजे काय हे त्याला आधीच उमगले आहे, असे येथे गृहीत धरलेले दिसते.

भर्तृहरीने त्याही मागची अवस्था विचारात घेतली. ‘वाक्यपदीया’च्या ब्रह्मकांडात तो सांगतो की उच्चारावयवांची पहिली हालचाल, श्वासाची ऊर्ध्वगती आणि उच्चारस्थानांवरील आघात ‘शब्दभावने’वाचून, म्हणजे पूर्वजन्मींच्या वाग्व्यवहाराच्या बीजरूप संस्कारावाचून, संभवत नाहीत. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचे हुंकार आणि सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान सुरू होणारी ‘बाबाबा’सारखी आवर्तने पाहता पूर्वजन्माचा भाग बाजूला ठेवूनही हे निरीक्षण मार्मिक ठरते. खुणांची भाषा वापरणाऱ्या आईबापांची बहिरी बाळे हातांनीच तशी आवर्तने करतात, हे पेटिटो आणि मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवले. त्यामुळे श्वास आणि उच्चारस्थाने गौण ठरतात, भावना मात्र उरते.

तथापि संस्कार एकटा पुरत नाही. वर्कर आणि टीस यांच्या १९८४ च्या प्रयोगांत इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद कळत होता, पण वर्षाच्या सुमारास तो बहुतेकांना कळेनासा झाला. म्हणजे परिसरातील भाषा मुलाला काही देते तसे काही सोडायलाही लावते, आणि हा व्यवहार पहिला शब्द उमटण्याआधीच बराच पुढे गेलेला असतो. त्यानंतर येणारा ‘भुर्र’सारखा शब्द नाम की क्रियापद, हे ठरवणे व्यर्थ आहे, कारण त्यात बाहेर नेण्याची मागणी आणि पाखरू दिसल्याचा आनंद यांपैकी काहीही सामावू शकते आणि ऐकणारा तो प्रसंगावरून पुरे वाक्य म्हणूनच समजून घेतो. वाक्य अखंड असून पदे ही नंतरची विभागणी होय, हा भर्तृहरीचा पक्ष प्रौढांच्या भाषेपेक्षा येथेच अधिक सहज पटतो.