पावसातला तास

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि ते चालवणारे एक मास्तर होते. मास्तर सचोटीचे होते. पैसे घेऊन, गाडीत न बसवताच दाखला देणारे लोक त्यांना माहीत होते. मास्तरांनी तसं कधी केलं नाही. नियमात २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे १० तास सांगितलेत, तर ते पुरे करूनच घेत. कुणी किती वेळ गाडी चालवली, ते रोजच्या रोज रजिस्टरात लिहीत.

मास्तरांची एक रीत होती. पाऊस आला की क्लास बंद. काचेवर थेंब पडू लागले की ते गाडी शेडमध्ये लावत आणि म्हणत, "आज राहू दे. उगाच धोका नको." शिकणाऱ्यांनाही बरं वाटे. गावातले बहुतेक जण मे महिन्याच्या आत शिकून मोकळे होत.

एका उन्हाळ्यात एक मुलगा शिकायला आला. त्याचा बाप सुपारीच्या बागेत कामाला होता. कर्ज काढून एक जुना छोटा हत्ती घ्यायचा आणि भाजीची ने-आण करायची, असा मुलाचा बेत होता. मुलगा मन लावून शिकला. क्लच, गिअर, चढावर गाडी उचलणं, रिव्हर्स, सगळं त्याला लवकर जमलं. मास्तरांनी सांगितलं होतं, "कुणी अचानक आडवं आलं की ब्रेक दाबायचा आणि दाबून धरायचा." त्याने ते ध्यानात ठेवलं. शिकाऊ लायसन्सला महिना झाल्यावर तालुक्याच्या कॅम्पमध्ये त्याची टेस्ट झाली. मैदान कोरडं होतं, वर लख्ख ऊन होतं. मुलगा पहिल्याच वेळी पास झाला. मास्तरांच्या पाया पडून गेला.

मग मृगाचा पहिला पाऊस आला. संध्याकाळची वेळ होती. मुलगा नव्याने घेतलेला टेम्पो घेऊन बाजारातून परत येत होता. पाऊस फार नव्हता, रस्ता नुसता भिजला होता. वळणावर एक वासरू आडवं आलं. मुलाने ब्रेक दाबला आणि दाबून धरला. चाकं थांबली, पण टेम्पो थांबला नाही. मुलाने स्टेअरिंग फिरवलं, तरी टेम्पो वळला नाही. तो सरळ घसरत गेला आणि मोरीच्या कठड्यावर आदळला. कठड्याजवळ एक बाई पाऊस ओसरायची वाट बघत उभी होती. तिचं खुब्याचं हाड मोडलं. मुलाचा पाय दोन ठिकाणी मोडला. वासरू कुठल्या कुठे निघून गेलं.

मास्तर दवाखान्यात गेले. आधी त्या बाईजवळ गेले. ती वेदनेने डोळे मिटून पडली होती. मग मुलाच्या खाटेशी आले. मुलगा त्यांच्याकडे बघून रडायला लागला. म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं मी. ब्रेक सोडला नाही."

मास्तरांना काही बोलता आलं नाही. घरी येऊन त्यांनी रजिस्टर काढलं. मुलाच्या नावापुढे १० तास भरलेले होते. तारखा सगळ्या मार्च-एप्रिलच्या होत्या.

गावात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका राहत. आयुष्यभर त्यांनी घाटातली गाडी चालवली होती. दुसऱ्या दिवशी मास्तर त्यांच्या ओटीवर जाऊन बसले आणि झालेलं सगळं सांगितलं.

काकांनी विचारलं, "पावसात गाडी चालवायला तुम्हाला कुणी शिकवलं, मास्तर?"

"कुणीच नाही. सवयीने जमत गेलं."

"म्हणजे सवय लागेपर्यंत तुम्ही वाचलात, एवढंच," काका म्हणाले. "मला तुमच्या गाडीत बसवा. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

पाऊस चालूच होता. मास्तरांच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक होता. इतकी वर्षं तिथे मास्तर बसत, त्या दिवशी काका बसले. दोघं आधी घाटात गेले. उतार लागला तसा मास्तरांचा पाय सारखा ब्रेकवर जाऊ लागला. काका म्हणाले, "ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्या. आणि ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर नाही." समोरून एक ट्रक चढत होता. काकांनी मास्तरांना बाजूला थांबायला लावलं. चढणाऱ्याला वाट आधी, हा घाटातला नियम मास्तर वर्गात शिकवत असत. थांबले मात्र त्या दिवशी.

पुढे एक गाडी चारही इंडिकेटर लावून चालली होती. काका म्हणाले, "हे करू नका, कुणाला करूही देऊ नका. ती वळणार की थांबणार, मागच्याला कळत नाही. चालत्या गाडीला खालचा दिवा पुरे. ते चारही दिवे उभ्या गाडीसाठी." मग त्यांनी पुढच्या गाडीपासूनचं अंतर मोजायला शिकवलं. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून गेली की मनात सेकंद मोजायचे. कोरड्या रस्त्यावर तिथे पोचायला आपल्याला निदान दोन सेकंद लागले पाहिजेत, ओल्यावर चार. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जवळपास दुप्पट जागा घेते, म्हणून. "आणि सगळ्यात फसवा असतो तो पहिला पाऊस," काका म्हणाले. "वर्षभराचं तेल, धूळ, टायरचा कीस, सगळं त्या पहिल्या सरीत वर येतं. मोठा पाऊस ते धुऊन तरी नेतो."

घाट उतरून दोघं बाजाराच्या पटांगणात आले. पटांगण रिकामं होतं, डांबरावर पाणी साचलं होतं. काका म्हणाले, "वेग तीसच्या आत ठेवा आणि मी सांगितलं की त्या मुलासारखा ब्रेक मारा."

मास्तरांनी ब्रेक मारला. चाकं अडकली. मास्तरांनी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, पण गाडी नाकासमोरच घसरत राहिली. शेवाळलेल्या पायरीवर पाय सुटावा तशी ती त्यांच्या हातातून सुटली. छातीत धडधड घेऊन मास्तर नुसते बसून राहिले.

"आता पुन्हा," काका म्हणाले. "घसरली असं वाटलं की ब्रेक किंचित सोडा. चाक फिरतंय तोवर गाडी तुमचं ऐकते. अडकलेलं चाक वळत नाही."

मास्तरांनी पुन्हा मारला, किंचित सोडला, आणि गाडी वळली. पाय घाईने उचलायचा नाही, घाबरून पुन्हा दाबायचा नाही, हे पायाला कळायला बराच वेळ लागला. नव्या गाड्यांत एबीएस असतं, तिथे पाय दाबून धरला तरी चालतं, हेही काकांनी सांगितलं. पण टायर गुळगुळीत असला तर कुठलंच यंत्र रस्ता धरून देत नाही. साचलेलं पाणी टायरच्या खाचांतूनच बाहेर पडतं. खाचा झिजल्या की वेगात टायर पाण्यावर चढतो आणि गाडी तरंगते. काका भिजत खाली उतरले आणि त्यांनी चारही टायरांवरून मास्तरांचा हात फिरवून घेतला. त्यातले दोन मास्तरांनी त्याच आठवड्यात बदलले.

त्या पावसाळ्यापासून मास्तरांची रीत उलटी झाली. पाऊस आला की ते फोन करून शिकणाऱ्यांना बोलावत. जे कोरड्या महिन्यांत शिकून गेले होते, त्यांनाही जूनमध्ये फुकट एक तास देत. आधी पटांगण, मग साधा रस्ता, मग घाट. पूल पाण्याखाली असला तर पलीकडे न जाता गाडी मागे कशी वळवायची, हेही करून घेत. पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की नाही, ते वरून दिसत नसतं. सुरुवातीला लोक नाराज झाले. शेजारच्या गावात एवढा त्रास नव्हता. काही जण तिकडे गेले. मास्तरांचं उत्पन्न घटलं, आणि ते चार वर्षं घटलेलंच राहिलं.

मुलाचा पाय बरा झाला. पुढच्या जूनमध्ये पटांगणात सगळ्यांत आधी तोच आला. त्या बाईच्या दवाखान्याचा खर्च विम्यातून मिळायला फार वेळ गेला. तोवर मुलाच्या बापाने आणि मास्तरांनी मिळून तो भागवला. ती चालायला लागली, पण शेतात वाकून काम करणं तिला पुन्हा जमलं नाही.

या गोष्टीतला मुलगा उनाड नव्हता, प्यायलेला नव्हता, वेगातही नव्हता. मास्तर लबाड नव्हते. दोघांनी नियम पाळला होता, आणि तरी एका बाईचं आयुष्य उणं झालं. आपल्याकडे वर्षातले चार महिने रस्ता ओला असतो आणि गाडी चालवायची परीक्षा मात्र बहुतेकांची कोरड्या मैदानावर होते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा केला, हे चांगलंच झालं. तास वाढले तसे त्यांतले काही ओल्या रस्त्यावरही गेले पाहिजेत. जी चूक पटांगणात, शेजारी शिकवणारा बसलेला असताना करता येते, ती आपण भर रस्त्यावर, दुसऱ्याच्या जिवावर पहिल्यांदा करू देतो.

परवाच्या मे महिन्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन मास्तरांकडे आले. म्हणाले, "पावसाच्या आत हिचं उरकून द्या."

"शिकवायला उद्यापासून सुरुवात करू," मास्तर म्हणाले. "पण दाखला पाऊस पडल्यावर मिळेल."

गृहस्थ विचारात पडले. मुलीने विचारलं, "सर, रेनकोट आणायचा का?"

"आण," मास्तर म्हणाले, "आणि जुन्या चपला घाल. टायर बघायला खाली उतरावं लागेल."