कागद लावून ठेवताना

बारा इंच लांब, बारा इंच रुंद असा कागद आपल्याकडच्या कुठल्याच फायलीत बसत नाही. आपल्या फायली ए-फोर किंवा फुलस्केपसाठी केलेल्या, टेबलाचे खण त्याच बेताचे. कपाटाच्या कप्प्यात तो मावतो, पण मग कप्प्यातल्या चादरी कुठे जायच्या हा प्रश्न येतो, आणि त्यात घरातली बाकीची माणसं पडतात. स्क्रॅपबुकिंगचा कागद असा चौरस असतो, कारण ज्या अल्बमात तो जायचा तो अल्बम चौरस असतो. अमेरिकेत तशी पद्धत पडली. माझी भाची न्यू जर्सीहून कायमची पुण्याला परत आली ती या चौरसांचे गठ्ठे घेऊन. पुढे नोकरी सुरू झाली आणि ‘मावशी, तूच सांभाळ’ म्हणून ते माझ्याकडे आले. माझ्याकडे आधीपासून माझे कागद होतेच: हातकागदाचे मोठे ताव, शाळेतल्या हस्तकलेच्या तासापासून जीव जडलेला घोटीव कागद, भारीतल्या लग्नपत्रिकांची कोरी मागची पानं. दोन्ही संग्रह एकत्र लावायला घेतले तेव्हा वाटलं होतं, हे हातांचं काम आहे.

कागदाच्या मापामागे केवढा विचार असू शकतो, हे ए-फोरकडे बघून कुणाच्या मनात येत नाही. २१० बाय २९७ मिलिमीटर हा आकडा ओबडधोबड दिसतो. पण लांबी आणि रुंदी यांचं गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाइतकं ठेवलं, की कागद मधोमध दुमडला तरी गुणोत्तर तेच राहतं. लिख्टेनबेर्ग या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १७८६ साली एका पत्रात हे नोंदवलं आहे. पुढे १९११ च्या सुमारास, रसायनशास्त्राचं नोबेल मिळवून झालेल्या विल्हेल्म ओस्टवाल्डने याच गुणोत्तरावर सगळ्या जगाला एकच कागदमाप द्यायची खटपट केली. त्याची मापं चालली नाहीत. चालली ती त्याचा एकेकाळचा सहायक वाल्टर पोर्स्टमान याने रचलेली. १९२२ साली ती जर्मनीत प्रमाण ठरली आणि आज आपल्या झेरॉक्सच्या दुकानात तीच आहेत. ए-झीरोचा ताव एक चौरस मीटरचा, त्यात ए-फोर सोळा. म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा, एक ए-फोर पाच ग्रॅम भरणार, हे वजनकाट्याशिवाय सांगता येतं. बारा इंची चौरसाला यातलं काही लागू नाही. तो दुमडला की चौरसच राहत नाही.

हाच ओस्टवाल्ड पुढे रंगांच्या मागे लागला. चोवीस रंगांचं वर्तुळ आखायचं, मग प्रत्येक रंगात पांढरं किती आणि काळं किती मिसळलं ते मोजायचं, म्हणजे जगातल्या प्रत्येक छटेला आपापला पत्ता मिळेल. रंगांची ही पद्धत काही काळ शिकवली गेली, पण कागदाच्या मापांसारखी घराघरात काही ती शिरली नाही. मला याचं कारण सरळ वाटतं. कागद मापाचा कापता येतो. मापात न बसणारी कड कचऱ्यात जाते आणि उरतो तो नियमात बसतो. रंगाचं तसं नाही. मोरपंखी निळ्यात घालायचा की हिरव्यात, यावर दोन सख्ख्या बहिणींचं एकमत होत नाही. आणि ज्या कागदावर केशरी फुलं, करडी पानं आणि मागे फिकट गुलाबी रेघा आहेत, त्याचा रंग कुठला?

त्यामुळे मी आधी रंगाला हात लावला नाही, प्रसंगाप्रमाणे लावायला घेतलं. कंपन्या कागद तसाच विकतात. एकेका मालिकेत दहा-पंधरा नक्ष्या, एका प्रसंगासाठी. अडचण अशी की हे प्रसंग आपले नव्हेत. नारिंगी-तपकिरी झडलेल्या पानांचे कागद तिकडच्या शरद ऋतूतल्या सुट्ट्यांचे. आपल्याकडे त्या महिन्यांत पानं झडत नाहीत. काळा-नारिंगी जोड हॅलोविनचा. छत्र्यांची नक्षी असलेला एक सुरेख कागद आहे, तो मी डोळे मिटून पावसाळ्यात ठेवला. भाचीने सांगितलं, हा बेबी शॉवरचा, म्हणजे डोहाळजेवणात ठेव. नाताळच्या लाल-हिरव्या कागदांवर नक्षी फारच नाताळी नसेल तर ते हळदीकुंकवाला चालतात. झडलेल्या पानांचा सोनेरी कागद मी दसऱ्याला लावून टाकला, आपट्याच्या पानाशी त्याचा काडीचा संबंध नसताना.

पण खरी गोची त्याच्याही पुढे होती. स्क्रॅपबुकचा कागद हा शेवटी पाठीमागे बसणारा कागद आहे. फोटो त्याच्यावर चिकटायचा. एकोणिसाव्या शतकातल्या कात्रणवह्यांमध्ये पान कोरं असायचं आणि जमवायचं ते वर चिकटवायला: बातम्या, चित्रं, तिकिटं, कार्डं. मार्क ट्वेनने १८७३ साली आधीच डिंक लावलेल्या पानांच्या अशा वहीचं पेटंट घेतलं ते पानांना महत्त्व होतं म्हणून नव्हे, तर चिकटवण्याचा वैताग टाळायला. आता आपण पान जमवतो आहोत. फोटो फोनमध्ये आहेत, हजारांनी आहेत, आणि छापलेला एकही नाही. जे घडलेलंच नाही त्याच्यासाठी पार्श्वभूमी साठवून ठेवलेली. तेव्हा प्रसंगाप्रमाणे कागद लावणं म्हणजे घरात पुढे काय काय होणार याचा अंदाज बांधणं: दोन लग्नं, एक बारसं, कुणाची तरी पदवी. त्यात दुःखाचा कप्पा नसतो. त्या गठ्ठ्यांतही तसा कागद मला आढळला नाही.

आई गेल्यावर तिचे साठ-सत्तर सालचे काळे-पांढरे फोटो एका अल्बमात लावायचे ठरले, तेव्हा कागद शोधताना ही उणीव कळली. सगळे गठ्ठे उपसले. शेवटी जो कागद चालला तो त्या छत्र्यांच्या कागदाची मागची बाजू होती: पावसाळी आभाळासारख्या करड्यावर अगदी बारीक पांढऱ्या चौकटी. आईच्या नऊवारीतल्या फोटोखाली तो इतका चपखल बसला की पुढे कुणी छत्र्यांचा विषयच काढला नाही.

छापील नक्षीचे हे कागद बहुतेक दुहेरी असतात. एका बाजूला मोठी, ठळक नक्षी. दुसऱ्या बाजूला रेघा, ठिपके, चौकटी असं काही गरीब. दुकानात हात जातो तो पहिल्या बाजूकडे, आणि अल्बमात बरेचदा कामाला येते ती दुसरी, कारण तिच्यावर फोटो उठून दिसतो. कुठल्याही पद्धतीने लावला तरी कागद एकाच जागी राहणार, म्हणजे त्याची एक बाजू कायमची हरवणार. जाणते छंदी यावर एकाच नक्षीचे दोन कागद घेतात, एकेका बाजूसाठी एक. हा पैशाने सोडवलेला प्रश्न.

ग्रंथपालांचा तर हा जुना आजार. मद्रासला गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन ग्रंथपाल झाले, प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, आणि तिथल्या सेल्फ्रिजेस दुकानात मेकॅनोचा संच पाहून त्यांना सुचलं की विषयांचे डबे आधीच ठरवून ठेवायला नकोत; सुटे भाग ठेवावेत आणि पुस्तक येईल तसे जोडावेत. १९३३ साली त्यांचं कोलन वर्गीकरण छापून आलं. पुढे त्यांनी हे भाग पाच मूळ पैलूंमध्ये बसवले. स्थळ आणि काळ हे त्यांतले दोन. पुस्तकाचा क्रमांक वाचला की ते कशाबद्दल, कुठलं आणि कधीचं हे सगळं उलगडतं. इतकी देखणी बुद्धी क्वचित दिसते. तरीही पुस्तक फळीवर एकाच ठिकाणी उभं असतं, हे रंगनाथनांनाही चुकवता आलं नाही. त्यांनी पत्ता श्रीमंत केला, खोली एकच राहिली.

अभिलेखागारवाले या भानगडीत पडत नाहीत. फ्रान्समध्ये १८४१ पासून त्यांचा दंडक असा, की कागद ज्या कचेरीतून, ज्या घराण्यातून आले तसेच एकत्र ठेवायचे. विषयाप्रमाणे फोडायचे नाहीत. पुण्याचं पेशवे दप्तर आठवा. कापडात बांधलेले हजारो रुमाल. त्यांत रोजकीर्द आहे ती दिवसामागून दिवस अशी, प्रांत अजमास आहे तो मुलखाप्रमाणे, आणि आंग्रे दप्तर आहे ते एका घराण्याचं म्हणून. तारीख, जागा, घराणं अशी तीन तत्त्वं एकाच इमारतीत सुखाने नांदतात. इंग्रजी अमलात या दप्तराचा मोठा उपयोग झाला तो इनामांचे हक्क तपासायला. त्या कामाला हवं ते सापडतं; पानिपतच्या आधी कुणाच्या मनात काय चाललं होतं हे विचारणाऱ्याला मात्र रुमालामागून रुमाल सोडावे लागतात. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते असे रुमाल सोडूनच. दप्तर लावणाऱ्याची यात चूक नाही. त्याला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

स्क्रॅपबुकच्या कागदाचाही मूळ पत्ता असतो. तळाच्या कडेला बोटभरही रुंद नसलेली एक पट्टी असते. तिच्यावर कंपनीचं नाव, मालिकेचं नाव, नक्षीचं नाव आणि बारकोड. कागद वापरताना ही पट्टी पहिल्यांदा कापली जाते, आणि कापली की कागद निनावी होतो. उरलेल्या अर्ध्या कागदाला जोडीचा दुसरा कागद शोधायचा तर नाव हवं. म्हणून मी पट्ट्या फेकत नाही. कापली की तिला भोक पाडून किल्ल्यांच्या कडीत ओवते. पट्टीच्या एका अंगाला नाव असतं आणि बरेचदा दुसऱ्या अंगाला नक्षीचा जरासा नमुना, त्यामुळे ती जुडी हातात धरून चाळली की गठ्ठे न उपसता कागद आठवतात. रंगनाथनांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण चालतं.

हातकागद या कशातच बसत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जन्म १९४० चा, ग्रामोद्योगाच्या चळवळीतला. तिथला ताव घेतला की पहिल्यांदा हाताला कळतात त्या त्याच्या चारही कडा, न कातरलेल्या, पातळ होत गेलेल्या. त्याला पट्टी नाही, मालिका नाही. यंत्राचा कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा: एका दिशेने तो चटकन वाकतो, दुसरीकडून अडतो, कारण यंत्राच्या ओघात तंतू एकाच दिशेला लागलेले असतात. हातकागदात असा भेद जवळजवळ नसतो, कुठूनही वाकवा. उभा ठेवला तर मात्र पावसाळ्यात तो सादळून कमरेत बसतो. म्हणून तो आडवाच, प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये, पलंगाखाली. वेखंडाचा तुकडा शेजारी, कसर लागू नये म्हणून. पोथ्यांच्या बासनात ठेवायचे तसा. बाकी चिंध्यांपासून केलेला अठराव्या शतकातला कागद अजून धडधाकट आहे आणि १९५० सालच्या आपल्या कादंबऱ्या हातात तुटतात, ती करणी लाकडाच्या लगद्याची आणि तुरटीतल्या आम्लाची. भाचीच्या कागदांवर ‘अ‍ॅसिड-फ्री’ असं अभिमानाने छापलेलं असतं ते याच भीतीपोटी.

एवढं सगळं लावून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला फारशी आवडली नाही. नीट लावलेला कागद कापवत नाही. तिकिटांचा संग्रह अबाधित राहण्यासाठी असतो. कागदाचा संग्रह कापून संपण्यासाठी. पण छटेप्रमाणे उतरत गेलेल्या ओळीतून एक ताव काढला की तिथे खिंडार दिसतं, आणि हात परत फिरतो. ठेवणीतल्या साडीसारखं होतं ते: इतकी चांगली की नेसायला प्रसंगच पुरेसा मोठा सापडत नाही. मला तर संशय आहे की लावत बसणं हा न कापण्याचाच एक सभ्य मार्ग आहे. काम केल्याचं समाधान मिळतं आणि कात्री मात्र डब्यातच राहते.

सगळ्यात जास्त वापरलं जातं ते तुकड्यांचं पाकीट. एका मोठ्या खाकी पाकिटात उरलेल्या पट्ट्या, कोपरे, त्रिकोण कसेही कोंबलेले. त्याला मी कधी क्रम लावला नाही. काही हवं असलं की पाकीट जमिनीवर उपडं करायचं. मग मोरपंखी घोटीव कागदाशेजारी हॅलोविनचा काळा येऊन पडतो, आणि जो जोड कुठल्याही वर्गीकरणात सुचला नसता तो समोर दिसतो. तुकडा आधीच कापलेला असतो, त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्याला आणखी कातरायला कुणाची परवानगी लागत नाही.

चौरस कागद मी शेवटी रंगाप्रमाणेच लावले, उभ्या खोक्यांत, जी बाजू वापरण्याजोगी ती पुढे करून. भाचीला ते उलटे वाटतात. एकच वाद मिटलेला नाही तो सोनेरीचा. तिच्या मते तो पिवळ्यात जायला हवा. ओस्टवाल्डच्या वर्तुळात सोनेरी नाही, चंदेरीही नाही. तिथे रंग आहेत, चकाकी नाही. आणि सोनेरी कागद हवा असतो तेव्हा पिवळ्या खोक्याकडे माझा हात जातच नाही, त्या वेळी डोक्यात दिवाळीचा कंदील असतो नाहीतर मुंजीची पत्रिका. म्हणून सोनेरी-चंदेरी मी वेगळे काढले आणि त्या खोक्यावर ‘सणाचे’ अशी चिठ्ठी लावली. रंगांच्या रांगेत हा एक कप्पा प्रसंगाचा घुसला आहे, आणि भाची आली की पहिल्यांदा तोच उघडते.