शिकवायला गेला आणि शिकला



1890 साली चाळिशीतला एक माणूस जपानमधल्या मात्सुए गावी इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झाला. नाव लाफ्काडिओ हर्न. जन्म ग्रीसच्या एका बेटावरचा, बालपण आयर्लंडमधलं, पत्रकारिता अमेरिकेतली. एक डोळा शाळकरी वयातच गेलेला.

दिवसा तो मुलांना इंग्रजी शिकवायचा आणि घरी स्वतः विद्यार्थी व्हायचा. पत्नी सेत्सु त्याला जुन्या गोष्टी सांगायची, भुताखेतांच्या, शापांच्या, वचनांच्या. तिला इंग्रजी जेमतेम, त्याचं जपानी मोडकंतोडकं. मग दोघांनी आपली एक घरगुती बोली तयार केली. त्या बोलीत ऐकलेल्या कथा त्यानं इंग्रजीत लिहिल्या. 1904 साली ‘क्वाइदान’ हा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी तो वारला. तोवर तो जपानी नागरिक झाला होता. बायकोचं आडनाव घेऊन कोइझुमी याकुमो झाला होता.

मात्सुएत तो राहिला सव्वा वर्षच. तरी गावानं त्याचं घर आजवर जपलंय. या परक्यानं आपल्या आजीच्या गोष्टी कान देऊन ऐकल्या, हे गाव विसरलं नाही.

आपली मुलं आज सिंगापूर, टोकियो, दुबईला जातात. बॅगेत लोणचं असतंच, सोबत थोडं कुतूहलही द्या. आणि आपल्या इमारतीत कुणी परप्रांतीय राहायला आलं असेल, तर आज त्याला चहाला बोलवा. विचारा, “तुमच्याकडे आजी कोणती गोष्ट सांगायची?”